विश्लेषण : कळा, वार, पान्हा, चीक... बारावी आणि ‘नीट’ला विचारली जाणारी संप्रेरके शरीरात नेमके करतात काय?

‘प्रसूतीचे संकेत कुठून निघतात?’ वैद्यकीय प्रवेशासाठी पूर्वी घेतल्या जाणाऱ्या एआयपीएमटी परीक्षेत हा प्रश्न आला होता. पर्याय चार : फक्त अपरा, फक्त पूर्ण वाढ झालेला गर्भ, गर्भ आणि अपरा दोन्ही, किंवा आईच्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे ऑक्सिटोसिन. धडा घाईत वाचलेल्या विद्यार्थ्याचा हात चटकन शेवटच्या पर्यायाकडे जातो. प्रसूती म्हणजे ऑक्सिटोसिन, हे समीकरण डोक्यात पक्के बसलेले असते. उत्तर मात्र तिसरे आहे. हाक देतात ते गर्भ आणि अपरा, ऑक्सिटोसिन त्या हाकेला धावून येते.

‘नीट’मध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी निम्मे ३६० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. वरच्यासारखा एक प्रश्न चुकला की हिशेबात पाच गुणांचा फरक पडतो. लातूरपासून कोटापर्यंत अभ्यासिकांमध्ये बसलेल्या मुलामुलींना पाच गुण म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

दुसरी अडचण भाषेची. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक जण इंग्रजीतून शिकतात. पुस्तकात पार्च्युरिशन, प्लॅसेंटा, लॅक्टेशन, कोलोस्ट्रम असे शब्द येतात, आणि घरात आजीच्या तोंडी कळा, वार, पान्हा, चीक. दोन्ही एकाच गोष्टीची नावे आहेत, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. मग जी गोष्ट घरातल्या बाळंतपणात आणि गोठ्यातही अनुभवलेली असते, तीच पाठ करावी लागते.

नऊ महिने गर्भाशय शांत कसे राहते?

गर्भाशय हा स्नायूंचा अवयव आहे आणि आकुंचन पावणे हा त्या स्नायूंचा स्वभाव. त्यामुळे कळा का येतात यापेक्षा इतके महिने त्या का येत नाहीत, हा प्रश्न आधी विचारायला हवा. याचे उत्तर प्रोजेस्टेरॉन. हे संप्रेरक गर्भाशयाचे स्नायू शिथिल ठेवते आणि गर्भाशयमुख घट्ट बंद राहायला मदत करते.

सुरुवातीला प्रोजेस्टेरॉन येते ते अंडाशयातील पीतपिंडातून, म्हणजे कॉर्पस ल्युटियममधून. एरवी हा पिंड दोन आठवड्यांत विरून जातो आणि पाळी येते. गर्भ रुजला की त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात आणि पीतपिंडाला टिकवून धरतात. घरच्या घरी लघवीतून गर्भचाचणी होते ती याच एचसीजीची. साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास अपरा स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पीतपिंडावरचा भार उतरतो.

अपरा म्हणजे वार. बाळाला अन्न आणि प्राणवायू पोहोचवणारी ही रचना त्याच वेळी एक तात्पुरती अंतःस्रावी ग्रंथीही असते. एचसीजी, एचपीएल, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन वर्गातील संप्रेरके ती बनवते. २०१८ च्या ‘नीट’मध्ये गर्भारपण टिकवणारी अपरेची संप्रेरके ओळखायला सांगितली होती. बरोबर उत्तर होते हीच चौकडी. गोंधळ होतो तो रिलॅक्सिनवरून. प्रसूतीआधी ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल करण्याशी जोडले जाणारे हे संप्रेरक एनसीईआरटीच्या पुस्तकात गर्भारपणाच्या उत्तरार्धात अंडाशयाच्या खात्यावर मांडलेले आहे. २०२१ च्या ‘नीट’मध्ये ते नेमके कोण स्रवते असे विचारले गेले, आणि उत्तर होते कॉर्पस ल्युटियम. ज्या पिंडाचे काम संपले असे समजून विद्यार्थी पुढे जातो, तोच शेवटच्या टप्प्यात पुन्हा प्रश्नपत्रिकेत उगवतो.

कळा सुरू करण्याचा निर्णय कोणाचा?

याचे सर्वात सुंदर उत्तर मेंढ्यांनी दिले. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहॅम लिगिन्स यांना १९६० च्या दशकात हाच प्रश्न पडला होता : दिवस भरले हे कळते कोणाला, आईला की बाळाला? त्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकराला अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक म्हणजे कॉर्टिसॉल, किंवा ती ग्रंथी चेतवणारे एसीटीएच देऊन पाहिले. मेंढी वेळेआधी व्याली. म्हणजे निदान मेंढीत तरी घड्याळ कोकराच्या अंगात होते. कोकराचा मेंदू त्याच्या पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथीला, तिथून कॉर्टिसॉल सुटते आणि ते वारेतील कारभार उलटा करते : प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होऊ लागते. शांत ठेवणारे संप्रेरक घटते, चेतवणारे वाढते.

या प्रयोगात एक अनपेक्षित गोष्ट घडली. इतक्या लवकर जन्मलेले कोकरू जगायला नको होते, कारण त्याची फुप्फुसे तयार झालेली नसतात. पण कॉर्टिसॉल मिळालेले कोकरू श्वास घेत होते. या निरीक्षणावरून लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी वेळेआधी कळा सुरू झालेल्या स्त्रियांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे लवकर तयार होत होती. आज सातव्या-आठव्या महिन्यात प्रसूतीचा धोका दिसला की जगभरातील रुग्णालयांत हे इंजेक्शन देतात. परीक्षेच्या अभ्यासक्रमात यातले काही नाही. पण ‘संकेत गर्भाकडून येतो’ हे वाक्य ज्याने मेंढीच्या गोष्टीसह वाचले, तो ते पुन्हा विसरणे कठीण.

माणसात मात्र एकच बटण दाबून काम होत नाही. स्त्रीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन प्रसूतीआधी मेंढीसारखे धाडकन खाली येत नाही. ते वार पडेपर्यंत भरपूर असते, पण गर्भाशयाचे स्नायू त्याला दाद देईनासे होतात. दुसरीकडे गर्भाच्या अधिवृक्क ग्रंथीतून आलेल्या कच्च्या मालापासून अपरा अधिकाधिक इस्ट्रोजेन बनवते. त्याच्या प्रभावाखाली गर्भाशयाच्या स्नायूपेशींवर ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतात आणि शेजारच्या पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग तयार होतात. आतापर्यंत सुटीसुटी असलेली वस्ती जणू एका वायरिंगने जोडली जाते, त्यामुळे एका टोकाला उठलेली लहर सगळ्या गर्भाशयात पसरू शकते. जोडीला प्रोस्टाग्लॅन्डिन ही रसायने गर्भाशयमुख मऊ करतात.

या सगळ्याचा परिपाक म्हणजे सौम्य आकुंचने. पुस्तकातील ‘फीटल इजेक्शन रिफ्लेक्स’ तो हाच. घरात त्याला ‘बारीक कळा’ म्हणतात.

मग कळा वाढतच का जातात?

शरीरातील बहुतेक संप्रेरकांचे नियंत्रण पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखे असते. टाकी भरली की बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. रक्तात थायरॉइड संप्रेरक वाढले की पीयूषिका हात आखडते. याला ऋण प्रत्याभरण किंवा निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात.

प्रसूतीत हे उलटे होते. गणेश मंडळाच्या मंडपात माइक चुकून स्पीकरसमोर गेला की काय होते, ते आठवावे. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि क्षणात कान फाटतील अशी किंचाळी उठते. हे धन प्रत्याभरण, म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅक. बाळाचे डोके गर्भाशयमुखावर दाब देते. तिथल्या मज्जातंतूंमार्फत ही बातमी आईच्या हायपोथॅलॅमसकडे जाते. पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते. गर्भाशय अधिक जोराने आकुंचन पावते, डोके आणखी खाली सरकते, दाब वाढतो, आणखी ऑक्सिटोसिन सुटते. कॅनडातील जेम्स फर्ग्युसन यांनी १९४१ मध्ये हा दुवा दाखवला, म्हणून त्याला ‘फर्ग्युसन रिफ्लेक्स’ म्हणतात.

मंडपातली किंचाळी थांबवायची तर माइक बाजूला घ्यावा लागतो. इथे बाळ बाहेर आले की गर्भाशयमुखावरचा दाब जातो आणि चक्र तुटते. धन प्रत्याभरणाला असा निश्चित शेवट लागतो, नाहीतर शरीराला ते परवडत नाही. म्हणूनच त्याची उदाहरणे मोजकी आणि परीक्षेत हमखास विचारली जाणारी. बोर्डाच्या पेपरात ‘प्रसूतीची क्रियाविधी स्पष्ट करा’ असे आले तर निबंध लिहिण्यापेक्षा बाणांचे चक्र काढावे. मात्र त्याची सुरुवात ऑक्सिटोसिनपासून न करता ‘पूर्ण वाढ झालेला गर्भ आणि अपरा’ इथून करावी.

आणखी एक खाचखळगा. ऑक्सिटोसिन पीयूषिकेच्या मागच्या भागातून ‘सुटते’, तिथे ‘बनत’ नाही. ते बनते हायपोथॅलॅमसमधील चेतापेशींत, त्यांच्याच लांब तंतूंमधून खाली उतरते आणि तिथे साठवले जाते. पीयूषिकेचा मागचा भाग कारखाना नाही, गोदाम आहे. ‘सिंथेसाइज्ड’ आणि ‘रिलीज्ड’ या दोन शब्दांच्या फरकावर प्रश्न बेतले जातात, आणि इंग्रजी प्रश्न भराभर वाचणारा नेमका तिथे घसरतो.

‘कळांचे इंजेक्शन’ म्हणजे तेच का?

हो, तेच. एनसीईआरटीच्या पुस्तकातही प्रसूतीच्या परिच्छेदाच्या शेवटी विचारले आहे की प्रसूती घडवण्यासाठी डॉक्टर कशाचे इंजेक्शन देत असतील? उत्तर दिलेले नाही.

१९०६ मध्ये ब्रिटनचे हेन्री डेल यांना आढळले की पीयूषिकेच्या मागच्या भागाचा अर्क दिल्यावर गाभण मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. चारच वर्षांनी अमेरिकेत ऑट आणि स्कॉट यांनी तसाच अर्क शेळीला दिला, तर तिच्या आचळातून दूध वाहू लागले. गर्भाशय आणि स्तन या दोन वेगळ्या अवयवांची किल्ली एकच होती. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले. प्रयोगशाळेत बनवलेले हे पहिले पेप्टाइड संप्रेरक. १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. ऑक्सिटोसिन म्हणजे अवघी नऊ अमिनो आम्लांची साखळी. पाणी धरून ठेवणारे एडीएच म्हणजे व्हॅसोप्रेसिन हेही नऊचेच, आणि दोघांत फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा. म्हणून ऑक्सिटोसिन फार जास्त दिले तर शरीरात पाणी साठू लागते.

ते रक्तात काही मिनिटेच टिकते, त्यामुळे कळा आणण्यासाठी सलाइनमधून थेंबाथेंबाने, सतत लक्ष ठेवून द्यावे लागते. गोळीच्या रूपात गिळले तर पोटात प्रथिनासारखे पचून जाते. बाळंतपण ‘लवकर उरकावे’ म्हणून अर्धवट माहितीच्या माणसाने घरी टोचलेले ऑक्सिटोसिन घातक ठरू शकते. मार्ग मोकळा नसताना गर्भाशय जोर करत राहिले तर ते फाटण्याचा धोका असतो.

बाळ जन्मल्यानंतरचे इंजेक्शन मात्र जीव वाचवते. वार सुटते तिथे गर्भाशयाच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडलेली असतात. ती बंद होतात स्नायूंच्या आकुंचनाने. गर्भाशय सैल राहिले तर काही मिनिटांत बाळंतिणीचे धोकादायक प्रमाणात रक्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने जगात दर वर्षी सुमारे ७० हजार स्त्रिया दगावतात. तो टाळण्यासाठी संघटना प्रत्येक प्रसूतीनंतर १० युनिट ऑक्सिटोसिनची शिफारस करते. औषध स्वस्त आहे, पण ते २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावे लागते. उपकेंद्रातला फ्रिज चालू आहे की नाही, यावर अनेकदा इंजेक्शनचा गुण अवलंबून असतो.

वार पडल्यावरच दूध का येते?

इथून दुसरे संप्रेरक मंचावर येते, प्रोलॅक्टिन. हे पीयूषिकेच्या पुढच्या भागाचे, आणि तिथेच बनणारे. गर्भारपणात त्याची पातळी एरवीच्या दहापट किंवा त्याहून अधिक होते. एनसीईआरटीच्या वर्णनानुसार प्रत्येक स्तनात १५ ते २० खंड असतात आणि त्यांत अल्व्हिओलाय म्हणजे दूध बनवणाऱ्या पेशींच्या पिशव्यांचे घोस. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, एचपीएल आणि प्रोलॅक्टिन मिळून हा कारखाना नऊ महिन्यांत उभा करतात.

मग शेवटच्या महिन्यात दूध वाहू का लागत नाही? कारण ज्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनने कारखाना बांधला, तेच त्याच्या फाटकाला कुलूप लावून बसलेले असतात. यंत्रे बसवली, कामगार आले, थोडा चीक तयारही झाला, पण भरघोस उत्पादनाची परवानगी नाही. बाळामागून वार पडते, तिच्यासोबत या दोन संप्रेरकांचा पुरवठा तुटतो आणि प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते. म्हणून दूध ‘उतरते’ ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. याचा उलटा पुरावाही आहे. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उशिरा येते, आणि अनुभवी डॉक्टर या खुणेवरून तशी शंका घेतात. ‘पहिले दोन दिवस दूधच नाही’ म्हणून वरचे दूध सुरू करण्याची घाई होते, त्या घरांना हे एवढे माहीत असले तरी पुष्कळ.

प्रोलॅक्टिनचा स्वभाव इतरांहून वेगळा आहे. हायपोथॅलॅमस बहुतेक संप्रेरकांना ‘सोडा’ असा आदेश देतो. प्रोलॅक्टिनला मात्र तो डोपामिनच्या मार्फत सतत ‘थांबा’ म्हणत असतो. बाळ चोखू लागले की हे थांबवणे सैल होते आणि पुढच्या पाजण्यासाठी दूध बनते. जितके चोखणे, तितके दूध. स्तन भरून तुंबलेला राहिला तर तिथल्या तिथे उत्पादन मंदावते. म्हणजे दूध कमी पडते म्हणून बाटली दिली की बाळ कमी चोखते आणि दूध खरेच कमी होते.

‘पान्हा फुटणे’ म्हणजे काय?

मराठीने इथे पाठ्यपुस्तकाच्या पुढे पाऊल टाकले आहे. दूध बनणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हा भेद भाषेत आधीपासून आहे. इंग्रजी पुस्तकात तोच ‘मिल्क सिक्रीशन’ आणि ‘मिल्क इजेक्शन’ असा येतो. बनवते प्रोलॅक्टिन, बाहेर काढते ऑक्सिटोसिन. बाळाच्या चोखण्याने मज्जातंतूंचा संदेश हायपोथॅलॅमसला जातो, ऑक्सिटोसिन सुटते आणि अल्व्हिओलायभोवतीच्या स्नायूसारख्या पेशी आवळल्या जाऊन दूध नलिकांत ढकलले जाते. हे सगळे साधारण मिनिटाभरात. जाण्याचा रस्ता मज्जातंतूंचा आणि परतीचा रक्तातून, म्हणून याला न्यूरोएंडोक्राइन रिफ्लेक्स म्हणतात. हेही धन प्रत्याभरणाचेच उदाहरण म्हणून दिले जाते.

गोठ्यात हे रोज घडते. धार काढण्याआधी वासराला घटकाभर लुचू देतात, मग बाजूला बांधतात. गाय ‘पान्हावली’ की बादली भरते. सराव झालेली गाय बादलीच्या आवाजानेही पान्हावते. बाळाच्या नुसत्या रडण्याने आईचा पदर ओला होतो, तेही याच वाटेने.

जे आवाजाने सुरू होते ते मनःस्थितीने अडतेही. अमेरिकेत १९४८ मध्ये नाइल्स आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पाजणाऱ्या आईचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवले, कधी तिला भराभर गणिते विचारली, आणि प्रत्येक वेळी बाळाने किती दूध घेतले ते मोजले. दूध घटले. मग ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देऊन पाहिले, तर ते बऱ्याच अंशी पूर्ववत झाले. म्हणजे दूध होते, पान्हा अडला होता. गणिताच्या धसक्याने काय होते, याचा पुरावा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणखी कुठे हवा! ‘दूध आटले’ म्हणून खचलेल्या बाळंतिणीच्या बाबतीत अनेकदा औषधाआधी झोप, वेदनाशमन आणि चार माणसांची गर्दी हटवणे उपयोगी पडते, ते यामुळेच. रायगडाच्या कड्यावरून तान्ह्यासाठी रात्री उतरलेल्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्राला पाठ आहे, आणि एसटी स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना तिचे नाव दिले आहे. ‘हिरकणी कक्षा’चा आडोसा लाजेपुरता नसतो. घाई, गोंगाट आणि नजरा यांत पान्हा अडतो.

पहिल्या काही दिवसांत पाजताना अनेकींच्या पोटात कळ येते. काही बिघडले की काय, अशी भीती वाटते. पण हे तेच ऑक्सिटोसिन, जे एकाच वेळी स्तन आणि गर्भाशय दोघांना आवळते. गर्भाशय मूळ आकाराला येण्यास आणि रक्तस्राव कमी होण्यास याची मदत होते.

चीक टाकून का देऊ नये?

गाय-म्हैस व्याल्यावर पहिल्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. आईचा पिवळसर, दाट चीक मात्र ‘खराब दूध’ समजून पिळून टाकण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. कोलोस्ट्रम तो हाच. त्यात मुख्यतः आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांचा साठा असतो. बाळाला तयार प्रतिपिंडे मिळतात, म्हणून ही निष्क्रिय प्रतिकारशक्ती. वारेतून गर्भातच मिळालेली प्रतिपिंडे आयजीजी प्रकारची असतात. या दोन अक्षरांची अदलाबदल हा परीक्षेतला जुना सापळा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे ४१.८ टक्केच होती. डॉक्टर-परिचारिका शेजारी असतानाही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास निसटतो. सिझेरियन, बाळ दुसऱ्या खोलीत नेणे, मधाचे बोट चाटवणे अशी कारणे प्रत्येक घरात ऐकू येतात. पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ६३.७ टक्के आहे.

अंगावर पाजताना दिवस राहत नाहीत, हे खरे का?

अर्धे खरे. वारंवार चोखण्यामुळे हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएचचा ताल बिघडतो, त्यामुळे एलएच आणि एफएसएच पुरेसे मिळत नाहीत, अंडे सुटत नाही आणि पाळी येत नाही. पण यासाठी तीन अटी एकत्र लागतात : बाळ सहा महिन्यांहून लहान, फक्त आणि वारंवार अंगावरचे दूध, आणि पाळी परत आलेली नाही. तिन्ही पाळल्या तर ही पद्धत ९८ टक्क्यांहून अधिक परिणामकारक मानली जाते. एक मोडली की भरवसा गेला. अंडे पाळीच्या आधी सुटते, म्हणून ‘पाळी आलीच नाही, मग दिवस कसे गेले’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमीचा. एनसीईआरटीच्या पुनरुत्पादक आरोग्याच्या प्रकरणात सहा महिन्यांची कमाल मर्यादा स्पष्ट लिहिली आहे, आणि विधान-कारण प्रकारच्या प्रश्नांत तीच बदलून विचारतात.

गोठ्यातल्या ऑक्सिटोसिनचा वाद काय होता?

वासरू मेले किंवा विकले की गाय-म्हैस पान्हावत नाही. त्यावर जुना आणि क्रूर उपाय होता ‘फुंका’ : जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकायची, की दूध सुटते. फर्ग्युसन यांचा शोध ज्यांनी कधी ऐकला नाही, ते तोच रिफ्लेक्स जनावराच्या वेदनेतून वापरत होते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये ही प्रथा, तसेच दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक पदार्थ टोचणे, हा गुन्हा ठरवला आहे. फुंक्याची जागा पुढे ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने घेतली.

हा गैरवापर रोखण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढून देशांतर्गत वापराच्या ऑक्सिटोसिनचे उत्पादन खासगी कंपन्यांना बंद केले आणि ते कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या एकाच सरकारी कंपनीकडे सोपवले. बाळंतिणींसाठी लागणारे औषध एकाच उत्पादकावर अवलंबून ठेवायचे का, यावरून प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा विषय मोठ्या पीठाकडे पाठवला. नऊ अमिनो आम्लांच्या एका रेणूवर गोठा, प्रसूतिगृह आणि न्यायालय अशी तिन्ही ठिकाणी सुनावणी झाली. प्रश्नपत्रिकेत त्याच्यासाठी अजूनही चारच पर्याय असतात.